मोहाखालची काडी

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी मी अन् माझ्या बायकोनं, गिरजानं, आमच्या मोहाच्या झाडाखालचा पाला जाळला. काळ्या भुईवर गळालेली फुलं वेचायला नीट दिसतात, म्हणून आमच्याकडं सगळेच जाळतात. काडी मी लावायचो, जाळ पसरला तर झोडपायला पळसाची डहाळी घेऊन ती उभी राहायची. "बुढ्या, बिडी मंग पेटव, इकडं पाह्य," म्हणाली. आमचं दोघांचं ते शेवटलं काम. पावसाळ्यात ती गेली.

यंदा नात शीतल नाकेदार (जंगलाची राखणदार) झाली. पहिलीच नोकरी. "आबाजी, घरी एकटे काय करता? चला मह्यासंगं," म्हणाली. तिरोडीहून रेल्वेनं बालाघाट, पुढं परसवाड्याची बस. बशीत एकानं तिचा खाकी पोशाख पाहून विचारलं, "बिटिया, शेर से डर नहीं लगता?" मीच म्हणालो, "शेर से पूछो, इससे डरता है क्या." सगळी बस हसली. परसवाड्याला भजी खाल्ली. तेल जुनं होतं, पोटानं दोन दिवस आठवण ठेवली.

पुढं सरईचं (सालाचं) जंगल लागलं. पानांतून ऊन गाळल्यागत पडत होतं. एवढा गारवा आमच्या तिरोडीच्या खाणीकडं कुठला! तिच्या नोकरीचं गाव लहानसं. शेजारच्या सुकवारोबाईनं, एकट्या राहणाऱ्या गोंड म्हातारीनं, ओळख ना पाळख, कोदोची (कोद्र्याची) पेज दिली.

पेज पिताना शीतल म्हणाली, "उद्या बैठक हाय. जंगलात आग लावू नका म्हणून सांगाचं हाय. पहिल्याच दिवशी आईकलं नाही, तं उन्हाळाभर कोणी मले विचारणार नाही."

"हौ," म्हणालो.

पण मोहाखालचा पाला जाळणं म्हणजे माझ्या लेखी आग नव्हतीच, झाडलोट होती. पेजेचे उपकार फेडावे म्हणून सकाळी सुकवारोबाईच्या मोहाखाली काडी लावली. वारा सुटला. जाळ बांधाकडं पळाला. सवयीनं बाजूला पाहिलं. डहाळी घेऊन कोणी उभं नव्हतं.

मी ओरडलो. शीतल धावली, बाया धावल्या, डहाळ्यांनी झोडपून जाळ विझवला. झुडपात रानकोंबडीची अंडी करपून पडली होती.

बैठकीत एकजण बोललाच, "नातिन पहरा दे, दादा माचिस मारे!"

शीतलचा चेहरा उतरला. पण तिनं वही उघडली अन् सगळ्यांसमोर आग लावणाऱ्यात पहिलं नाव माझं लिहिलं. मी उठलो. "सही लिखा. गलती मेरी. चालीस साल आग नहीं भागी, क्योंकि मेरी घरवाली डाल लेके खड़ी रहती थी. अब नहीं है."

कोणी हसलं नाही. सुकवारोबाई म्हणाली, "मेरा भी खड़ा रहने वाला चला गया, दादा. पुराना लुगड़ा पड़ा है. पेड़ के नीचे वही बिछाऊँगी, फूल उसी पर गिरेंगे, जलाना काहे को." तिच्यामागून आणखी चार-पाच बाया हौ म्हणाल्या. बाकीचे पाहू म्हणाले. पहिल्या दिवसाला तेवढं पुष्कळ.

आमच्याकडंही मोहाची फुलं पडायची वेळ आली होती, म्हणून पुढच्या दिवशी घरी निघालो. निघताना काड्यापेटी शीतलच्या हातात दिली. तिनं माझं नाव लपवलं नाही, अन् जाताना पायाही पडली. शिक्षण माझं चौथी, पण एवढं समजतं की पोरगी जंगल राखील. अन् त्या गावानं, जाळ लावणाऱ्या परक्या म्हाताऱ्याला, जाताना पुन्हा पेज पाजली. विसरणार नाही.

संध्याकाळी तिरोडीला पोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी गिरजाची दोन जुनी लुगडी पेटीतून काढली, एकमेकांना टाका घातला. वाकडाच आला. मग ती मोहाखाली अंथरली अन् फुलं पडायची वाट पाहत बसलो.