शिंगापुरती हिरवी काच

मनीषनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये डिंकाचा वास सुटलाय. लेक शाळेसाठी सिंधू संस्कृतीच्या मुद्रेवरचा एकशिंगी बैल रंगीत कागदाच्या तुकड्यांनी भरतेय. त्या वासानं मी थेट माझ्या सहावीत जाऊन बसले.

माझा बैल फुटक्या बांगड्यांच्या काचांचा होता. अंग झालं, शेपूट झाली आणि नेमकी शिंगापाशी हिरवी काच संपली. मी रडकुंडीला आले. आईनं कणकेचे हात पुसले, कालच कासाराकडून भरलेल्या चुड्यातली एक बांगडी उतरवली आणि तिच्यावर हलकेच बत्ता टेकवला.

"आई, नवी बांगडी काहून फोडली?"

"फोडली म्हणू नये वं. वाढवली म्हणावं."

मला ते अगदी खरं वाटलं, कारण एका बांगडीचे कितीतरी तुकडे झाले होते. तेव्हा मला फक्त शिंग दिसलं. आईच्या हातातली एक बांगडी उणी झालेली आज दिसते.

लेकीच्या बैलाचं शिंग अजून कोरंच आहे. मी कपाटातून आईच्या मागे राहिलेल्या बांगड्या काढल्या आणि बत्ता घेतला.

"आई, आजीची बांगडी फोडून राहिली काय?"

"नाही वं," मी म्हटलं, "वाढवून राहिली."