कडेपर्यंतचा गूळ

संक्रांतीला समोरच्या वहिनींनी डब्यातून पाठवलेली गुळपोळी आमचे हे खात होते. ताटात सांडलेले तिचे बारीक कणसुद्धा बोटाने टिपत होते. सकाळी माझ्या गुळपोळीच्या कडा मात्र ताटात ठेवून उठले होते, "फाइन" म्हणून.

ह्यांच्याकडे तेवढा एकच शब्द आहे. नवी साडी नेसले तरी फाइन, आमटीत मीठ कमी पडलं तरी फाइन. संसार करता करता मी त्याचे अर्थ शिकले. लांबवलेला फाइन म्हणजे आवडलं. तुटक असेल तर आता विचारू नकोस. मान वर न करता आला, तर ऐकलेलंच नाही. हे अर्थ माझ्याशिवाय कुणाला कळत नाहीत, याचा मला छुपा अभिमानच होता.

तेवढ्यात वहिनी डबा न्यायला आल्या. हे आपणहून म्हणाले, "वहिनी, काय खुसखुशीत झालीय! अगदी कडेपर्यंत गूळ!"

खुसखुशीत! म्हणजे शब्द होते तर. चांगल्या कपबश्या पाहुण्यांसाठी कपाटात ठेवाव्यात, तसे जपून ठेवले होते. मी मात्र इतकी वर्षं त्याच एका टवका उडालेल्या कपातून पीत आले.

डबा रिकामा परत द्यायचा नसतो, म्हणून मी हसत त्यात तिळाच्या वड्या भरल्या. वहिनी गेल्यावर ह्यांनी उरलेला तुकडा माझ्यापुढे धरला. मी खाल्ला. गूळ खरंच कडेपर्यंत होता.

"कशी आहे?"

"फाइन," मी म्हटलं.

आता बसू देत अर्थ लावत.