नळाच्या बियरचं पिंप

आमच्या साडूंइतका भित्रा माणूस वाशीच्या खाडीपुलापासून पार पनवेलपर्यंत दुसरा नसेल, आणि असलाच तर साडूंना बघून तो धीट झाला असेल. तशी भित्री माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. मी स्वतः त्यांतलाच एक. कुत्रं भुंकलं की मी रस्ता बदलतो, साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं की मी आधी बाथरूमला जाऊन येतो. पण आमची भीती आपली हौशी. साडूंची भीती शिकलेली, डिप्लोमा घेतलेली. तुर्भ्याच्या एका कारखान्यात प्रेशरच्या टाक्या तपासायचं त्यांचं काम. नवी टाकी तयार झाली की तिच्यात पाणी भरायचं, हातपंपाने दाब चढवायचा, तोही टाकी रोज सोसणार असेल त्याच्या दीडपट, आणि मग अर्धा तास दाब दाखवणाऱ्या गेजच्या काट्याकडे बघत बसायचं. काटा हलला नाही तर टाकी पास, खाली यांची सही. शेजारच्या घरात फुगा फुटला तरी ज्याच्या हातातला चहा सांडतो, त्या माणसाला देवाने नेमकी हीच नोकरी द्यावी! मी हिला कितीदा म्हटलं, तुझ्या ताईच्या नवऱ्याची पत्रिका एकदा नीट बघायला हवी होती.

आमच्याकडे जेवायला आले की दारातूनच त्यांचा पहिला प्रश्न, "कुकर उतरला का?" उतरला नसेल तर ते चपला न काढता जिन्याशी उभे राहायचे. आत शिट्ट्या मोजायचे आणि तिसरी झाली की बाहेरून ओरडायचे, "बंद करा, बंद करा, भात शिजला!" एकदा भात कच्चाच निघाला, साडूंनी तो दोनदा मागून घेतला आणि शिजलेल्या भातापेक्षा हाच पचायला हलका असं हिला पटवूनही दिलं. हिच्या कुकरचा वॉल्व्ह ते दर दिवाळीला न चुकता बदलून द्यायचे. आमच्या मुलीच्या वाढदिवसाला फुगे फुगवायचं काम मी मुद्दाम त्यांच्याकडे दिलं, तर सगळे फुगे वांग्याएवढे. त्यांच्या स्कूटरच्या चाकात हवा कायम कमी, त्यामुळे नेरूळहून वाशीला यायला त्यांना पाऊण तास लागायचा, आणि उतरल्यावर स्कूटरपेक्षा तेच जास्त दमलेले असायचे. "रावसाहेब," ते मला सांगायचे (रावसाहेब मी कोणत्याही बाजूने नाही, पण साडूंनी लग्नात जे नाव दिलं ते दिलं), "ज्याच्या आत काहीतरी दाबून ठेवलंय, त्याच्याकडे पाठ करून कधी उभं राहू नये." मी विचारलं, "बायकोकडेसुद्धा?" त्यावर ते हसले नाहीत. थोडा विचार करून म्हणाले, "तिच्याकडे तर नाहीच नाही."

तर असा हा माणूस चौऱ्याण्णव सालच्या एका रविवारी सकाळी आमच्याकडे आला, पाणी प्यायला, रुमालाने कपाळ पुसलं आणि म्हणाला, "रावसाहेब, मला ड्राफ्ट बियरचं छोटं पिंप घ्यायचंय. घरी नळ सोडून पिता येईल असं. एकदा वापरून फेकायचं नाही, पुन्हा पुन्हा भरता येईल असं." हिच्या हातातली पोह्यांची बशी तिथेच थांबली. साडू पिणारे नव्हते असं नाही. महिन्याच्या पहिल्या शनिवारी वाशीतल्या एका बारमध्ये ते एक ग्लास नळाची बियर घ्यायचे, एकच. त्यासाठी त्यांनी सरकारी परवाना काढला होता. या राज्यात प्यायला परवाना लागतो ही गोष्ट आख्ख्या नवी मुंबईत पिणाऱ्यांपैकी बहुतेक फक्त साडूंनाच ठाऊक असावी. तो परवाना प्लास्टिकमध्ये घालून ते खिशात ठेवायचे आणि ग्लास उचलण्याआधी एकदा चाचपून बघायचे. पण बियरचं पिंप म्हणजे आत गॅस. गॅस म्हणजे दाब. वाघाला घाबरणाऱ्याने वाघाचं पिल्लू पाळायला मागावं तसा हा प्रकार होता. मी म्हटलं, "अहो, बाटलीची आणा, फ्रीजमध्ये ठेवा, विषय संपला." ते म्हणाले, "बाटलीची चालणार नाही." कोणाला चालणार नाही, हे तेव्हा ते बोलले नाहीत, आणि मीही मूर्खासारखं विचारलं नाही.

पिंपाची निवड आमच्या घरी होणार हे त्यांनीच ठरवून टाकलं. मेव्हणीने त्यांना नेरूळच्या घरात हे काही करायला साफ मनाई केली होती, आणि "तुमचा तळमजला आहे, फुटलं तर खाली कोणी नाही," हे त्यांचं कारण. खाली कोणी नाही, पण आत आम्ही आहोत, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं. त्यावर ते म्हणाले, "तुम्ही घाबरता, म्हणजे तुम्ही वेळेवर पळाल." पहिलं पिंप आलं ते त्यांच्या बिल्डिंगमधल्या एका जहाजावरच्या इंजिनियरने परदेशातून आणलेलं. पत्र्याचं, रंगीत, वर एक चिमुकला नळ. दिसायला इतकं गोड की हिने त्यात मनीप्लांट लावायचं मनात धरलं. साडूंनी त्यात पाणी भरून आमच्या मोरीत ठेवलं, पंप जोडला, आम्हा तिघांना बाहेर काढलं आणि दाराच्या फटीतून काट्याकडे बघत बसले. अर्धा तास घरात कोणी शिंकलं नाही. मग पत्र्याने 'टुक' असा एक आवाज केला. साडू म्हणाले, "नापास." इंजिनियर नंतर सांगायला आला की ते पिंप मुळात एकदाच वापरायचं असतं, पण तोवर साडूंनी त्यावर लाल रंगाने मोठी फुली मारली होती.

दुसरं पिंप तुर्भ्याच्या भंगारवाल्याकडचं. थंड पेयाचं सिरप ठेवायची जुनी स्टीलची टाकी, उंच, गोल, डोक्यावर दोन तोट्या. साडू ते रिक्षातून घेऊन उतरले. हातात पिंप, पिंपाला लटकणारी नळी, नळीला घड्याळासारखं गेज. आणि दिवस कोणते, तर मुंबईतल्या बॉम्बस्फोटांनंतरचे, रेल्वे स्टेशनपासून रेशनच्या दुकानापर्यंत सगळीकडे 'बेवारस वस्तूला हात लावू नका' असं लिहिलेलं. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी गेटवरच आडवे आले. "ओ साहेब, हे काय आहे? बिल्डिंगला कशाला टेन्शन देताय?" साडूंनी भीतीच्या भरात खरं सांगितलं, "काही नाही, फक्त प्रेशर टेस्ट करायचीय." सेक्रेटरींनी दोन विंगा रिकाम्या केल्या. बायका मुलांना कडेवर घेऊन समोरच्या मैदानात जाऊन बसल्या, कोणी देव्हाऱ्यातला बाळकृष्ण पदरात घेतलेला, कोणी टीव्ही. शेवटी साडूंनी पिंपाचं झाकण उघडून सगळ्यांना आतला रिकामा भाग दाखवला, आणि सेक्रेटरींनी आत डोकं घालून "खाली है" असं जाहीर केलं तेव्हा लोक घरी गेले. मला त्यानंतर दोन महिने लिफ्टमध्ये कोणी ओळख दिली नाही, तळमजल्याला लिफ्ट लागत नाही ही गोष्ट वेगळी. त्या टाकीचं झाकणाचं रबर चिरलेलं निघालं. नापास.

तिसरं साडूंनी स्वतः बनवून घेतलं. कारखान्याजवळच्या एका वर्कशॉपमध्ये, जाड स्टीलचं, पाच लिटरचं, सोड्याच्या बाटलीला लावतात तशी गॅसची छोटी गोळी लावायची सोय, आणि दाब वाढला तर आपोआप सोडणारा वॉल्व्ह. एक नाही, दोन वॉल्व्ह. आमच्या घरात त्याची चाचणी झाली ती पुढचे सहा रविवार. अर्धा तास काटा हलला नाही. पुढच्या रविवारी एक तास, काटा हलला नाही. मग दीड तास. मोरी अडलेली, आंघोळी शेजारी, आणि माझी मुलगी शाळेत सांगायची की आमच्या बाथरूममध्ये काका राहतात. साडूंनी पिंपाला बांधायला एक पुठ्ठ्याची चिठ्ठी आणली होती, तिच्यावर 'पास' लिहायचं आणि खाली सही करायची, बस. दर वेळी ते पेन उघडायचे, चिठ्ठीवर टेकवायचे आणि पुन्हा बंद करायचे. सहाव्या रविवारी माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "अहो, एवढ्या वेळात माणूस पास होतो! लिहा ना एकदाचं! कशाला घाबरता? पाच लिटर बियरला?"

साडू मोरीच्या उंबऱ्यावर बसले होते. ते पिंपाकडे बघतच म्हणाले, "हे पास झालं की मला त्याच्याकडे जावं लागेल."

मग ते बोलले. त्यांच्या कारखान्यात त्यांचा एक फिटर मित्र होता. साताऱ्याकडचा, दोघं एकाच दिवशी कामाला लागलेले. पुढे हे तपासनीस झाले, तो फिटरच राहिला, पण महिन्याच्या पहिल्या शनिवारचा बारमधला दुसरा ग्लास त्याचा असायचा. आठ महिन्यांपूर्वी साडूंनी पास केलेली एक टाकी हवा भरताना तोंडापाशी फुटली. मित्र तिच्या जवळ उभा होता. डाव्या हाताची तीन बोटं गेली आणि त्याच बाजूचा गाल गेला. चौकशीत वेल्डिंगच्या आत पोकळी निघाली, पाण्याच्या चाचणीत ती कळलीच नसती असं सगळ्यांनी सांगितलं, साडूंना कोणी एक शब्द बोललं नाही. "पण रावसाहेब, मी लिहिलंय की अर्धा तास काटा हलला नाही," साडू म्हणाले. "मी अर्धा तास काट्याकडेच बघत होतो का? मधे चहा आला होता, एवढं मला आठवतंय. चहा आला तेव्हा मी मान वळवली का? रोज रात्री मी ते आठवायला बसतो. नाही आठवत." मित्र आता बोनकोड्याच्या खोलीतून बाहेर पडत नव्हता. बारमध्ये लोक तोंडाकडे बघतात म्हणून येत नव्हता, आणि कंपनीतल्या कोणाला तरी म्हणाला होता की बाकी काही नाही, नळाच्या बियरची तेवढी आठवण येते. साडू आठ महिन्यांत एकदाही त्याच्याकडे गेले नव्हते.

मला माझी इतकी लाज वाटली की काय सांगू. सहा रविवार मी त्या माणसाची टिंगल करत होतो, आणि तो बिचारा पिंपाला नाही, एका दाराला घाबरत होता. मी पेन घेतलं, चिठ्ठीवर 'पास' लिहिलं आणि खाली माझी सही ठोकली. प्रेशरमधलं मला ओ की ठो कळत नाही. साडूंनी ती सही बराच वेळ बघितली आणि म्हणाले, "हे बेकायदेशीर आहे." पण चिठ्ठी बांधली.

पुढच्या शनिवारी दुपारी बारच्या मालकाने पिंप भरून दिलं. बर्फाच्या गोणपाटात गुंडाळून आम्ही रिक्षात बसलो. पिंप साडूंच्या मांडीवर, परवाना वरच्या खिशात, आणि प्रत्येक खड्ड्याला साडू डोळे मिटून घेत होते. मीही घेत होतो. खरं सांगतो, तेव्हा मला पिंपाची भीती वाटत नव्हती. तो मित्र यांना काय म्हणेल, याची वाटत होती. म्हणाला "तूच केलंस", तर या माणसाला परत घरी कसं न्यायचं?

बोनकोडे गावातल्या चाळीत दार मित्राच्या बायकोने, वहिनींनी, उघडलं. त्यांनी साडूंकडे पाहिलं, पिंपाकडे पाहिलं आणि बाजूला झाल्या. मित्र खाटेवर बसला होता. गालाची ती बाजू त्याने भिंतीकडे केलेली. साडूंनी पिंप स्टुलावर ठेवलं आणि तसेच उभे राहिले.

"आलास व्हय?" मित्र म्हणाला. "आठ म्हयनं लागलं?"

मित्र उठला. उरलेल्या दोन बोटांनी त्याने पिंपाचा वॉल्व्ह चाचपला, मग दुसरा, मग चिठ्ठी उलटी करून बघितली. "टेस केली का ह्याची?"

"सहा वेळा," साडू म्हणाले, आणि मग एकदम, "तेव्हाची नीट केली होती का रे मी? तू होतास तिथं. मी काट्याकडेच बघत होतो का?"

मला वाटलं, आता. मित्राने पहिल्यांदाच तोंड सरळ साडूंकडे केलं.

"येडा का खुळा तू? डोळं फुटस्तोवर बगत हुतास. म्या म्हनलं चा घे, तर मान बी वळवली न्हाईस. पार गार झाला तुजा चा." तो खाटेवर बसला. "म्याच पिला त्यो. वत आता."

साडूंनी नळ उघडला. पहिला ग्लास नुसता फेसाचाच आला, कारण त्यांनी नळ एकदम पूर्ण सोडला होता. मित्राने तो तसाच घेतला, मिशीला फेस लावून प्याला आणि म्हणाला, "हां. हीच." वहिनी पदराने डोळे पुसत शेंगदाणे आणायला गेल्या. त्या दुपारी पिंप रिकामं झालं, साडूंनी आयुष्यात पहिल्यांदा दुसरा ग्लास घेतला, आणि कारखान्यातल्या जुन्या फोरमनच्या नकला करताना दोघं इतके हसले की शेजारचे डोकावून गेले.

तो चहा त्याने खरंच प्यायला होता का, मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही, साडूंनीही पुन्हा कधी विचारलं नाही. पुढे तो गावाकडे गेला, साडू निवृत्त होऊन करंजाड्याला राहायला गेले. अजूनही ते कुकरला घाबरतात आणि फुगे वांग्याएवढेच फुगवतात, त्यात काही सुधारणा नाही. पण त्या संध्याकाळी परतताना रिक्षात बसल्या बसल्या त्यांना झोप लागली. आठ महिन्यांची झोप होती ती. मान हळूच माझ्या खांद्यावर आली, तोंड उघडं, खड्डे येत होते आणि यांना पत्ताच नव्हता. माझा खांदा अवघडून गेला, हाताला मुंग्या आल्या, पण वाशी येईपर्यंत मी जरासुद्धा हललो नाही.