सुमेरवाले सर

आमचे इतिहासाचे सर वर्गात येताना पुस्तक विसरत, पण ओल्या मातीचा गोळा कधी विसरत नसत. पुस्तकात सुमेरबद्दल, म्हणजे इराकातल्या पाच हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीबद्दल, चार ओळी होत्या. सर त्यांवर महिना काढत. आंजीजवळच्या आमच्या गावात ते सुमेरवाले सर. पानठेल्यावर कोणी विचारी, "काय सर, आज इराकले जाऊन राह्यले का?" सर म्हणत, "जाऊन आलो. तिथंही तुमच्यासारखे रिकामे लोक होते."

सुमेरचे लोक लिहीत तशा तळहाताएवढ्या मातीच्या पाट्या ते आमच्याकडून थापून घेत. तिरका कापलेला बोरू ओल्या मातीत दाबायचा, ओढायचा नाही. अशा खुणांतून बैलाचे डोके, जवाचे कणीस, पाणी उमटे. कोणी राजाबद्दल लिहिले की सर पाटी पाण्यात टाकत आणि तिची पुन्हा माती होई. "राजाचं लिवाले त्याचे लोक होते. तुह्या घरी काय आहे ते लिव."

पालकसभेत अंगठा देऊन आई भिंतीशी उभी राहिली होती. सरांनी तिच्या हाती बोरू दिला.

"मले लिवता येत नाई, सर."

"हे गावात कोणालेच येत नाई, बाई. अध्यक्षायलेही नाई."

आईने बैलाचे डोके दाबले. आमच्याकडे बैल नव्हता. सरांनी विचारले, तर म्हणाली, "लिवाचंच आहे तं बैल काऊन नाई लिवाचा?" सरांनी ती पाटी कपाटाच्या वरच्या खणात ठेवली. आईने आयुष्यात लिहिलेले तेवढेच.

कुंभारकाका सांगून थकले, "सर, भट्टीत घाला, पक्क्या होतीन." सर ऐकत नसत. सुमेरच्या लोकांनी नुसत्या वाळवल्या होत्या, म्हणून आपणही वाळवायच्या. या एका हट्टाने त्यांचा घात केला.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी शाळेकडे फक्त ते कपाट मागितले: कुठे न्यायचे नाही, आहे तसे राहू द्या. शाळेच्या अध्यक्षसाहेबांनी भाषणात शब्द दिला. पुढच्या गणेशोत्सवात शाळेने मातीच्या मूर्तींची कार्यशाळा ठेवली. वर्ध्याहून शाडू वेळेवर आली नाही. कोणीतरी कपाट दाखवले. पाट्या ड्रममध्ये भिजत घातल्या. मूर्ती सुबक झाल्या, पेपरात फोटो आला.

सरांना कळले ते विसर्जनानंतर. ते रिकाम्या कपाटापुढे उभे राहिले. नवे शिक्षक म्हणाले, "देवाच्याच कामी आली ना माती, सर." सर एवढेच म्हणाले, "लोकायची घरं होती त्याच्यात."

मी आईला सांगितले. "माहा बैल तसाही कुठं होता?" म्हणत ती कणीक मळत राहिली. पण त्यानंतर ती शाळेच्या कुठल्याच कार्यक्रमाला आली नाही. सरही गेले नाहीत.

मी आता वर्ध्याला कॉलेजात इतिहास शिकवते. आमच्या घरात माझ्याआधी कोणी पदवी घेतली नव्हती. माझी ही वाट सरांमुळे. गेल्या वर्षी सर वारले. शोकसभेत अध्यक्षसाहेब म्हणाले, "मातीच्या गणपतीची परंपरा शाळेला सरांनीच दिली." पहिल्या रांगेतून सरांच्या पत्नीने त्यांना हात जोडले.

मग माझे नाव पुकारले. मी पाट्यांबद्दल बोलले, शाळेने त्या भिजवल्याचेही सांगितले. अध्यक्षसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतले. आभार मानताना म्हणाले, "मॅडम जरा भावुक झाल्या." सभागृहाने समजुतीने मान हलवली, आणि चहा आला.