रेखाताईचा ट्यूनर

रेखाताईला कुणी वेळ सांगितली की ती लगेच विचारायची, "घड्याळ कशावरून लावलंय?" समोरचा गोंधळायचा. ती मात्र गंमत करत नसे. आनंदनगरच्या एका कारखान्यात ती क्वालिटीला होती. मशीनवरून उतरलेले पार्ट मोजायचे आणि ज्या गेजने मोजायचे ते गेजसुद्धा आधी तपासून घ्यायचे, हे तिचं रोजचं काम. "ज्याने मापायचं त्याला आधी मापावं लागतं," असं ती म्हणायची, आणि हे वाक्य दूधवाल्याच्या मापापासून डॉक्टरच्या थर्मामीटरपर्यंत कशालाही लावायची.

आमची ओळख गाण्यामुळे झाली. अंबरनाथ पश्चिमेला सोनवणे मास्तरांचा भीमगीतांचा ऑर्केस्ट्रा होता. मास्तर हार्मोनियम वाजवत, गात आणि आम्हा सगळ्यांना धाकात ठेवत. मी कीबोर्डवर होते, रेखाताई गिटारवर. दोन हजार सालानंतरचे ते दिवस. जयंतीच्या कार्यक्रमात बाई गिटार घेऊन उभी राहिली की पुढे बसलेल्या बायका एकमेकींना कोपराने ढोसायच्या. रेखाताई खांद्यावरचा पट्टा नीट करायची आणि त्यांच्याकडेच बघून पहिला कॉर्ड वाजवायची.

मग तिने एक जुनी इलेक्ट्रिक गिटार घेतली आणि भानगड सुरू झाली. दांड्याच्या खालच्या धातूच्या पट्ट्यांवर ती गोड वाजायची. हात दांड्यावर वर सरकला की मात्र सूर बिघडायचा. मास्तर हार्मोनियमवरून मान वर करून म्हणायचे, "रेखा, बोट कच्चं आहे तुझं." एका संध्याकाळी विहाराच्या हॉलमध्ये प्रॅक्टिस संपताना त्यांनी जाहीरच केलं, "बदलापूरच्या कार्यक्रमाला गिटार नको. शुभांगी, तू कीबोर्डवर गिटारचा आवाज काढ."

मला कुठे बघावं कळेना. रेखाताई फडक्याने तारा पुसत होती. पुसून झाल्यावर म्हणाली, "मास्तर, रविवारपर्यंत थांबा. तेव्हाही वाईट वाटलं तर मी स्वतः गिटार घरी ठेवीन."

"याला कान लागतो बाई. मशीनचं काम नाही हे."

"तुमच्या कानासाठीच थांबा म्हणतेय."

घरी जाताना तिने मला समजावलं. मोकळी तार छेडायची आणि मग तीच तार दांड्यावरच्या बाराव्या पट्टीपाशी दाबून छेडायची. दुसऱ्या वेळी तोच सूर बरोबर एक सप्तक वर यायला हवा. तिच्या गिटारवर तो किंचित चढा यायचा, म्हणजे तारेची लांबी कमी पडत होती. तारा जिथे टेकतात तिथे तळाशी छोटे स्क्रू असतात. ते फिरवून लांबी वाढवता येते. "पण सूर मोजून किती फिरवायचं ते दाखवणारा चांगला ट्यूनर पाहिजे," ती म्हणाली.

"कानाने नाही जमणार?"

"कानाने जवळपास येईल. मला जवळपास नकोय."

दुसऱ्या दिवशी तिने मला कीबोर्डसकट रिक्षात बसवलं आणि उल्हासनगरच्या बाजारात नेलं. चादरीत गुंडाळलेला कीबोर्ड आम्ही वाद्यांच्या दुकानाच्या काउंटरवर ठेवला तेव्हा सिंधी चाचांना वाटलं, आम्ही तो विकायला आलोय. "नहीं चाचा, आपके ट्यूनर चेक करने हैं," रेखाताई म्हणाली.

चाचांनी आधी तीन दिव्यांचा ट्यूनर काढला. कीबोर्डची वायर त्याला जोडून मी एक स्वर दाबला. हिरवा दिवा लागला. रेखाताईने मला कीबोर्डची ट्यूनिंग थोडी उतरवायला सांगितली. मी पुन्हा तोच स्वर दाबला. दिवा हिरवाच. ती हसली. "चाचा, ये बहुत दयालु है. सबको पास करता है."

दुसऱ्यात तालाची टिकटिक होती, सुबक पडदा होता, पण वायर लावायला जागा नव्हती. त्याला फक्त माईक. पंख्याची घरघर आणि बाहेरचे हॉर्न ऐकून त्याचा काटा नाचत सुटला. चाचा म्हणाले, "यही सबसे ज्यादा चलता है बेटा."

"चलता होगा. ठहरता नहीं है ना."

तिसरा त्यांनी वरच्या फळीवरून काढला. खोका उन्हाने पांढरा पडला होता. त्याला वायरचं भोक होतं, तो फक्त गिटारच्या सहा तारांचे नाही तर सगळे बारा सूर ओळखत होता, आणि काट्यामागे बारीक बारीक रेघा होत्या. मी ट्यूनिंग जरा उतरवली, काटा जरा डावीकडे गेला. परत जागेवर आणली, काटा मधोमध आला. पुन्हा पुन्हा दाबलं, तरी त्याच रेघेवर. आता चाचाच काउंटरवर वाकले होते. "एक बार और दबाओ," ते म्हणाले. मग स्वतःशीच हसले. "इतने साल से बेच रहा हूँ, आज देखा क्या बेचता हूँ!"

घरी आल्यावर रेखाताईने आधी नवीन तारा चढवल्या. जुन्या तारांवर केलेलं सेटिंग टिकत नाही, म्हणाली. गिटार वाजवताना धरतात तशीच मांडीवर धरली. तार दाबतानाही नेहमीइतकाच जोर. "आत्ता जास्त दाबलं तर सूर चढेल आणि मी माझंच खोटं मापत बसेन." पाच तारा एकेक करून जुळल्या. तिसरी अडली. तिचा स्क्रू फिरवून फिरवून संपला, मागची स्प्रिंग पूर्ण दबली, तरी काटा उजवीकडेच.

रेखाताईला अडलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. मग तिने स्क्रू काढला, स्प्रिंग बाहेर घेतली आणि पक्कडीने तिचा तुकडा कापून टाकला. दुसरी स्प्रिंग तिच्याकडे नव्हती. स्क्रू परत बसवून तिने हळूहळू पिळला. मोकळी तार छेडली, मग दाबून छेडली. दोन्ही वेळा काटा मधोमध उभा राहिला.

"माझं बोट बरोबर होतं," ती हळूच म्हणाली. तोवर मला वाटत होतं, तिला त्याची खात्रीच आहे.

रविवारी मास्तरांनी हार्मोनियमवर एक स्वर धरला आणि डोळे मिटले. रेखाताई दांड्यावर वरपर्यंत वाजवत गेली. मास्तरांनी स्वर बदलला. ती तिथेही गेली. शेवटी त्यांनी डोळे उघडले. "काय केलंस?"

तिने सगळं सांगितलं.

"म्हणजे माझा कान चुकला?"

"नाही मास्तर. तुमच्या कानाला खटकलं ते खरंच बेसूर होतं. फक्त दोष बोटाचा नव्हता, स्क्रूचा होता."

मास्तरांनी भात्यावरचा हात काढला. मग मला म्हणाले, "शुभांगी, तू तुझं नेहमीचंच वाजव." त्यांची माफी एवढीच. पण बदलापूरला, दोन कडव्यांमध्ये, त्यांनी हात वर करून आम्हा सगळ्यांना थांबवलं आणि ती जागा एकट्या गिटारला दिली. रेखाताईने ती अशी वाजवली की मीच टाळ्या वाजवायला लागले.

पुढे तिचा कारखाना चाकणला गेला आणि तिनेही आईला घेऊन तिकडे जायचं ठरवलं. निघायच्या सकाळी सामान टेम्पोत चढत असताना मास्तर रिक्षाने आले. मांडीवर हार्मोनियम. निरोप वगैरे काही नाही. रिकाम्या खोलीत, फरशीवरच बसले आणि म्हणाले, "हा पंचम ऐक."

"मास्तर, ट्यूनर गेला टेम्पोत. थांबा, काढून आणते."

"नको. तू ऐक."

ती त्यांच्यासमोर मांडी घालून बसली. मास्तर भाता हलवत राहिले. तिने पंचम ऐकला, त्याच्या शेजारचे स्वर ऐकले, पुन्हा पंचम ऐकला.

"उतरलाय, मास्तर. थोडासाच, पण उतरलाय."

मास्तरांनी मोठा श्वास सोडला. "मलाही तसंच वाटत होतं. घरी म्हणतात, पेटी चांगली आहे, तुमचेच कान गेले आता."

"कोण म्हणतं?" रेखाताई ताडकन म्हणाली. "मी येऊन सांगू त्यांना?"

मास्तर हसले. खाली टेम्पोवाला हॉर्न देत होता. "देऊ दे त्याला," असं म्हणून त्यांनी पेटीवर सूर धरला, आणि रेखाताई गायला लागली.