भिवाच्या काडेपेटीतला स्क्रू

भिवा आज सकाळी गेला, आणि रडू यायच्या आधी मला त्याचा राग आला.

मी पंच्याण्णव वर्षांचा आहे. मी बोलतो, मोबाईल लिहितो. चुका दिसल्या तर त्या मोबाईलच्या समजा.

सोबतच्या फोटोत काडेपेटी आहे. तिच्यात पितळेचा एक मोडका स्क्रू. तो कुठून आला ते सांगतो. सांगता सांगता मलाही कळलं तर बरं.

निजामाचं राज्य होतं, जगाची मोठी लढाई नुकतीच संपलेली.

भिवा आणि मी शहरात, मस्तगड भागात, गफूर उस्तादांच्या दुकानात मेकॅनिकचं काम शिकत होतो. दोघंही एकोणीस-वीसचे. तो अंबडकडचा, घरी मेंढरं. माझ्या घरी शेती.

भिवाला कान होता. इंजिन चालू केलं की डोळे मिटून म्हणायचा, "पेट्रोल जास्ती पिऊन राह्यलंय." आणि बराबर तेच निघायचं.

एका वकिलांची जुनी विलायती मोटारसायकल आमच्याकडं आली. लढाईत पेट्रोल मिळेना म्हणून तीन वर्षं उभी होती. कार्बोरेटरमधलं पेट्रोल वाळून चिकट झालेलं आणि ॲडजस्टमेंटचे दोन्ही स्क्रू जाम.

उस्तादांची रीत ठरलेली. जाम स्क्रू घासलेट-तेलात रात्रभर भिजवायचा. खोलायच्या आधी जरासा आतच आवळायचा. तो हलला की मगच उलटा फिरवायचा.

गुरुवारी दोन्ही भिजवले. शुक्रवारी दुपारी उस्ताद नमाजला गेले. जाताना म्हणाले, "जल्दी नक्को."

पहिला स्क्रू भिवानं काढला. लोण्यातून केस काढावा तसा.

दुसरा हलेना. आम्ही आलटून पालटून जोर लावला. दोघांचे पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, आपापले, लाकडी मुठीचे.

"थांब रंग्या, अजून तेल पिऊ दे त्याला," भिवा म्हणाला.

मग कट् असा आवाज आला.

स्क्रूच्या डोक्याची एक बाजू तुटली. भिवानं तापलेल्या सळईचा चटका देऊन, पकडीनं धरून तो ओढून काढला, तर आतले आटेही गेले. कार्बोरेटर बाद. तसा दुसरा विलायतेहून यायचा, आणि तेव्हा येत नव्हता.

उस्ताद आले. बघितलं. खाली बसले.

"किन्ने करा?"

मी फडक्यानं हात पुसायला लागलो.

भिवा म्हणाला, "मी, उस्ताद."

"इस्क्रू किधर है?"

"फेक दिया. मोरीत."

"कल से नक्को आ तू."

संपलं. भिवा पायी गावाकडं गेला, मेंढरांमागं. मी राहिलो. पुढं मस्तगडातच माझं गॅरेज झालं, मुलं त्यावरच शिकली.

आता माझा घोळ इथून सुरू होतो.

त्या क्षणी पेचकस कुणाच्या हातात होता, हे मला आठवत नाही. आवाज आठवतो. हात आठवत नाही. सत्तर-पंच्याहत्तर वर्षं मी हेच म्हणत आलो.

अंबडच्या बाजारात भिवा भेटला की मी विचारायचो.

"भिव्या, खरं सांग. तो इस्क्रू तू मोडला का मी?"

"मीच. किती डाव इचारशील? मंग च्या पाजतो का न्हाई?"

मी चहा पाजायचो. मनावरचं ओझं उतरायचं. महिन्याभरात पुन्हा चढायचं.

रस्त्यावरून गाडी गेली की तो बोलता बोलता थांबायचा, मान तिरकी करायचा. "हवा कमी हाय हिला," म्हणायचा. उस्तादांच्या दुकानानंतर त्यानं इंजिनाला हात लावला नाही. मी माझ्या गॅरेजात बोलावलं होतं. "न्हाई बाबा, मेंढरं कोण बघंल?" म्हणाला. मी दुसऱ्यांदा बोलावलं नाही.

आज त्याला अग्नी दिल्यावर त्याच्या थोरल्यानं ही काडेपेटी माझ्या हातात ठेवली.

"आप्पा म्हणले व्हते, रंगनाथकाकाला द्या. पण मी गेल्यावरच."

उघडली. तोच स्क्रू. मोरीत टाकलाच नव्हता.

घरी येऊन चष्म्यावर भिंग धरून बघितलं. तुटक्या खाचेत लोखंडाचा एक बारीक तुकडा अडकलाय. पेचकसाच्या टोकाचा कोपरा.

माझा पहिला पेचकस मी पत्र्याच्या डब्यात जपून ठेवलाय. त्याचा एक कोपरा उडालेला आहे. कुठं उडाला ते कधी आठवलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची हत्यारं घासून नीट करून दिली. हा एकच कधी घासला नाही. का, ते विचारू नका.

तुकडा चिमट्यानं काढला आणि त्या कोपऱ्याला लावला.

बराबर बसला.

आणि हातही आठवला. त्याचा स्क्रू सहज निघाला, ते मला सोसलं नव्हतं. तो थांब म्हणत असताना मी सगळा जोर लावला होता.

म्हणजे हा तुकडा उस्तादांना दिसू नये म्हणून त्यानं स्क्रू लपवला. हे समजलं.

पण मग जपून का ठेवला? आणि आज मला का दिला? ही माफी आहे का चपराक? आणि माझ्यासाठी कशाला केलं? सांगितलंस का नाही? मी काय केलं असतं तेव्हा? काहीच केलं नसतं बहुतेक.

काही कळत नाही. डोकं चालंना झालंय.

श्रद्धांजलीचे मोठे शब्द मला येत नाहीत. तू हयात असताना जे बोलायचं होतं ते आज चारचौघांत लिहितो.

भिवा, स्क्रू मी मोडला.

जा आता, दोस्ता.