ढोम्याच्या डोक्यातले खडे

तुळिंजच्या बाजारात धोंडूबाई तीस वर्षांहून जास्त काळ मासळी विकतेय. घर खाडीकाठच्या शेतकऱ्यांचं. नवरा वारल्यावर भातशेती दिराकडे सोपवून ती बाजारात येऊन बसली. मी तिचं जुनं गिऱ्हाईक. माझ्याशी गप्पा मारताना तिचं पायाखाली दाबलेल्या, मासे कापायच्या कोयत्याकडे लक्षही नसायचं. पित्ताची पिशवी फुटली तर मासा कडू होतो, म्हणून ती पिशवी बोटांनी चाचपून अख्खी बाहेर काढायची. कलेजी, आतडी, गाभोळी, सगळं तिच्या बोटांना पाठ.

गेल्या वर्षी गणपती विसर्जनानंतर आठवड्याभरात एका सकाळी ती अंथरुणात उजव्या कुशीवर वळली आणि छत गरगर फिरायला लागलं. अर्ध्या मिनिटात थांबलं. पुन्हा कूस बदलली, पुन्हा तेच. सून दिपिका धावत आली, तेव्हा धोंडूबाई दोन्ही हातांनी गादी घट्ट धरून बसली होती.

"बाय, मला लकवा येतोय," ती म्हणाली.

तिची आई लकव्यानं आठ वर्षं एका जागी पडून होती. तिची सगळी शुश्रूषा धोंडूबाईनंच केली होती, त्यामुळे तिला मरणापेक्षा त्याची धास्ती जास्त.

मग सगळे उपाय झाले. कुणी रक्तदाब म्हणालं, कुणी नजर लागली म्हणालं. चकरेच्या गोळ्यांनी नुसती झोप यायची. कोयत्यावर बसल्यावर चक्कर आली तर बोट जाईल, म्हणून तिनं बाजार सोडला. दोन महिने तिची जागा रिकामी होती. मी घरी भेटायला गेले, तर ही बाई खुर्चीत मान ताठ धरून बसलेली. वर बघायचं नाही, खाली वाकायचं नाही, झोपायचं तेही बसूनच.

शेवटी दिपिकानं तिला माणिकपूरला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. धोंडूबाई वाटभर कुरकुरत होती, "चक्कर डोक्यात येते नि ही मला कान दाखवायला नेते."

डॉक्टर प्रिन्सी वयानं तिच्या नातीएवढी. तिनं धोंडूबाईची मान उजवीकडे वळवली आणि तशीच धरून तिला पटकन मागे निजवलं, डोकं टेबलाच्या कडेबाहेर थोडं लोंबतं. धोंडूबाईनं दिपिकाचा हात आवळला. तिची बुबुळं आपोआप झटके घेत फिरायला लागली. डॉक्टर वाकून तेच बघत होती.

"घाबरू नका मावशी, हा लकवा नाही. तुमच्या कानातले खडे जागचे हललेत."

धोंडूबाई पडल्या पडल्याच म्हणाली, "खडे ढोम्या मासळीच्या डोक्यात असतात. मानसाच्या कानात कुठले?"

डॉक्टर थबकली. "तुम्ही बघितलेत ते?"

"बघितलेत काय! डोकं फोडलं की दोन निघतात, पांढरे, दातासारखे. लहानपनी आम्ही खेळायचो त्यांच्याशी."

"मग तुम्हाला समजावणं सोपं आहे," डॉक्टर हसून म्हणाली. "ते खडे ढोम्याच्या कानातलेच. त्याचा कान बाहेरून दिसत नाही, आत असतो. वर कुठे, खाली कुठे, हे त्याला त्या खड्यांवरून कळतं. आपल्यालाही तसंच कळतं. माशाचा खडा मोठा असतो, जन्मभर वाढत जातो. आपले मात्र पिठाहून बारीक कण, हजारोंनी. तुमचे थोडे कण सुटून भलत्याच नळीत शिरलेत. चला, त्यांना बाहेर काढू."

तिनं धोंडूबाईचं डोकं एका बाजूला धरलं, थांबली, मग दुसरीकडे वळवलं, मग तिला कुशीवर घेतलं आणि उठवून बसवलं. पाच मिनिटंही लागली नाहीत. धोंडूबाईला मळमळलं, पण थोड्या वेळानं परत निजवलं तेव्हा छत जागच्या जागी होतं. तिनं दोनदा स्वतःच कूस बदलून खात्री केली आणि मग तिला रडू आलं.

डोळे पुसून तिनं विचारलं, "बाय, माशालाबी चक्कर येते?"

"कानातले खडे बिघडले तर मासा तिरका पोहतो, गोल गोल फिरतो. त्याला आत काय वाटतं ते मात्र मला सांगता येणार नाही."

"तसा एक बघितलाय मी, खाडीच्या पान्यात. आम्ही हसत होतो त्याला," धोंडूबाई म्हणाली.

आठवड्यानंतर पुन्हा दाखवायला जाताना तिनं पुडीत ढोम्याचे चार खडे नेले. डॉक्टरनं एक भिंगाखाली धरून त्यावरच्या बारीक रेघा दाखवल्या. झाडाच्या खोडासारखं यावरूनही वय मोजतात, म्हणाली. धोंडूबाई बराच वेळ भिंगातून बघत राहिली. एवढी वर्षं आपण हे कचऱ्यात टाकलं, एवढंच ती दिपिकाला म्हणाली.

ती बाजारात परतली. मासे कापणं तिनं सोडलं नाही. सोडावं असं तिच्या मनातही आलं नाही. पण आता ती मधेच थांबते. एकदा बांगड्याचा कणा माझ्यासमोर धरून म्हणाली, "हा बघा, मनका मनक्याला जोडलाय. माझ्या पाठीचा फोटो काढला होता ना, तो असाच होता." मग गिऱ्हाईक आलं आणि तिनं बांगडा तोलला.

संक्रांतीनंतर शेजारच्या भाजीवाल्या सुधाकरच्या आईला चक्कर यायला लागली. धोंडूबाईनं ठासून सांगितलं, खडेच हललेत, आणि स्वतः रिक्षा करून तिला माणिकपूरला घेऊन गेली. डॉक्टर प्रिन्सीनं तपासलं. कान ठीक होता. बाईंची साखर फार वाढलेली निघाली, वेळेवर कळली म्हणून बरं झालं.

मी विचारलं, "मग काय धोंडूबाई, तुमचं निदान चुकलं की!"

"चुकलं," ती म्हणाली. "वरून कसं कळनार? मासा मी उघडून बघते. मानसाला विचारत बसावं लागतं."

आणि तिनं सुधाकरला हाक मारून विचारलं, आईनं आज गोळी घेतली का.